काकवीचं चिकन

सिडकोतलं आमचं घर आणि कातकाडे काकांचं घर यांच्यामधली भिंत एकच आहे. त्यामुळे रविवारी त्यांच्याकडे काय शिजतंय हे मला कधी विचारावं लागलं नाही. अकराच्या सुमाराला सरिता काकू काळ्या मसाल्याचं वाटण तेलात टाकायच्या आणि इकडे आम्हाला ठसका लागायचा. दुपारी मागच्या कंपाउंडवरून झाकलेली वाटी यायची. "वैष्णवी, तर्री वर हाय, सांभाळून धर," एवढं म्हणून काकू आत जायच्या. लग्न होऊन मी या गल्लीत आले तेव्हापासून हा रतीब चालू होता.

काकांचं पूर्ण नाव सोमनाथ कातकाडे. मूळचे निफाड तालुक्यातले. आयटीआय करून अंबडच्या एका गिअरच्या कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं एकाच खात्यात राहिले. त्या खात्यात तयार गिअर भट्टीत लाल होईपर्यंत तापवतात, तेलात बुडवून कडक करतात आणि मग पुन्हा मंद आचेवर दोन-तीन तास शेकतात, म्हणजे ते ठिसूळ राहत नाहीत; या शेकण्याला टेम्परिंग म्हणतात. थोडे अंश इकडेतिकडे झाले तर अख्खी बॅच भंगारात जाते. काकांची उजवी भुवई अर्धीच आहे. उरलेली भट्टीचं दार उघडताना एकदा जळाली ती पुन्हा उगवली नाही. माणूस बोलायला कमी. गल्लीत कुणाचा मिक्सर, कुणाची इस्त्री बिघडली की लोक त्यांच्याकडे नेऊन ठेवायचे आणि दोन दिवसांनी ती वस्तू दुरुस्त होऊन, पुसून परत यायची.

घरात मात्र गॅसच्या शेगडीशी त्यांचा संबंध सिलिंडर बदलण्यापुरता. चहासुद्धा त्यांनी कधी केला नव्हता. काकूंना ते चालतही नसे. "त्यांनी एकदा दूध तापवायला घेतलं अन् उभ्या उभ्या थर्मामीटर शोधायला लागले," असं काकू सगळ्यांना सांगायच्या.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत, माळ्यावरचे डबे काढताना, काकूंच्या हाताला डाव्या छातीतली गाठ लागली. पुढचं सगळं भराभर झालं. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, आणि दर एकवीस दिवसांनी एक अशा सहा केमो ठरल्या. त्यांची मुलगी हर्षाली हैदराबादला असते. ती ऑपरेशनला आली, तीन आठवडे राहिली. पण तिची मुलगी पहिलीत, शाळा बुडत होती. काकूंनीच तिला हट्टाने परत पाठवलं. "हे हायेत ना," त्या म्हणाल्या. हर्षालीने वडिलांकडे बघितलं. काकांनी मान हलवली. जाताना ती माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाली, "ताई, लक्ष असू दे गं. बाबांना भाताचा कुकर लावता येत नाही."

पहिली केमो निभावली. दुसरीनंतर काकूंची चव गेली. कमी झाली असं नाही, गेलीच. वर तोंडात कायम एक लोखंडी चव. "गंजका खिळा जिभेखाली धरल्यागत वाटतं," त्या मला म्हणाल्या. पाणीही लोखंडी, भातही लोखंडी. डबा लावला होता, तो जसाच्या तसा परत जायचा. वासाचं तर विचारू नका. एकदा माझ्याच घरातल्या कांद्याच्या फोडणीने त्यांना उलटी झाली. हे मला नंतर कळलं. तेव्हापासून मी फोडणीचं काम सकाळी, त्यांच्या खिडक्या बंद असताना उरकून घ्यायला लागले. जिच्या रश्श्याचा वास सगळ्या गल्लीला ओळखीचा, तिला आता तो शब्दसुद्धा सहन होत नव्हता.

वजन बासष्टवरून त्रेपन्नवर आलं. दवाखान्यात आहार सांगणारी एक तरुण मुलगी होती. तिने काकांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं, "असंच चाललं तर पुढची केमो पुढे ढकलावी लागेल. अंडं, चिकन, डाळ, काहीही करून पोटात गेलं पाहिजे." मग तिने काय काय करून बघता येईल तेही सांगितलं. झाकून शिजवा, वास घरभर फिरू देऊ नका. लाल तिखट नको. मांसाला आंबट-गोड काहीतरी लावा, त्याने लोखंडी चव दबते. आणि जेवताना स्टीलचा चमचा देऊ नका. काकांनी ते सगळं केमोच्या फाइलच्या पाठीवर लिहून घेतलं.

त्याच संध्याकाळी ते आमच्या दारात उभे राहिले.

"वैष्णवी, तुझ्याकडं ती केकची भट्टी हाय ना? चालू हाय का?"

लॉकडाउनमध्ये सगळ्यांनी घेतला तसा मीही एक छोटा ओव्हन घेतला होता. त्यात चार केक केले, त्यातले दोन बसले, आणि मग तो कपाटावर चढला. मी तो धूळ झटकून दिला. काकांनी उलटापालटा करून बघितला, आतली कॉइल बोटाने चाचपली.

"याचं मॅन्युअल?"

"टाकून दिलं असेल काका कधीच."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दोन वर्षांचं पोर रस्त्यात विसरून आलेय. "मॅन्युअल टाकून देतात व्हय?" म्हणाले आणि ओव्हन उचलून घेऊन गेले.

स्वयंपाकघरात ठेवला तर वास आतल्या खोलीत जाणार, म्हणून त्यांनी तो मागच्या दारी, कपडे धुण्याच्या ओट्यावर बसवला. वर पत्रा होताच. आतून वायर ओढून बोर्ड लावला. मोबाइलवर कुठल्या तरी बाईचा व्हिडिओ बघितला होता. तिने मध आणि सोया सॉस लावून चिकन भाजलं होतं. घरात दोन्ही नव्हतं. काकांनी गूळ विरघळवला, त्यात लिंबू पिळलं, मीठ घातलं, ते सगळं कोंबडीच्या तंगड्यांवर ओतलं आणि बटण होतं तितकं फिरवलं.

वीस मिनिटांनी धूर कंपाउंडवरून आमच्याकडे आला. मी धावत गेले. काका पक्कड घेऊन ट्रे बाहेर काढत होते. वरचा गूळ जळून काळाठिक्कर झाला होता. त्यांनी सुरीने एक तंगडी कापली. हाडाशी लालच.

"वरची केस कडक झाली," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "गाभा तसाच राह्यला." गिअरच्या वरच्या थराला ते केस म्हणत.

दुसऱ्या वेळी त्यांनी आच अगदी कमी ठेवली. चिकनला पाणी सुटलं, त्या पाण्यात गूळ वाहून गेला, आणि तंगड्या उकडलेल्या बटाट्यासारख्या पांढऱ्या निघाल्या. शिजल्या होत्या, एवढंच. काकूंनी एक घास तोंडात घेतला, बराच वेळ इकडून तिकडे फिरवला आणि हळूच वाटीत काढून ठेवला.  

तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे खाजा शेख आले. कारखान्यात भट्ट्यांचे मीटर तपासायचं काम खाजाभाईंचं. वीस वर्षं दोघं एका शिफ्टला होते. ते अजून नोकरीत आहेत. स्कूटरच्या डिकीतून त्यांनी एक डबीसारखा मीटर काढला, त्याला लांब वायर होती. वायरचं टोक ओव्हनच्या आत सोडलं, दार लावलं आणि दोघं जण दोन स्टुलांवर रिकाम्या ओव्हनसमोर बसले. दीड तास. मी चहा नेऊन दिला तेव्हा बघितलं, काकांच्या हातात पेन आणि कागद. बटण एकशेऐंशीवर होतं आणि मीटर दोनशे चौदा दाखवत होता.

"भाऊ, इसका डायल झूठ बोलता है," खाजाभाई म्हणाले. "चौतीसचा फरक. वर जातो, मग खाली येतो, मग पुन्हा वर. तुमची चूक नाही यात."

"खरे एकशेऐंशी कुठं बसतात?"

"इथं. जरा अलीकडे."

काकांनी माझ्याकडे नेलपॉलिश मागितलं. लाल होतं, ते दिलं. त्यांनी डायलवर बरोबर त्या जागी एक बारीक रेघ ओढली आणि फुंकर मारून वाळवली.

"एकशेऐंशी म्हणजे आपलं टेम्परिंगचंच टेम्परेचर की," खाजाभाई म्हणाले. "एकतीस साल वही तो किया तुमने. गिअर जाऊन कोंबडी आली, बस."

काका हसले. दिवाळीपासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात काकूंचा भाऊ रावजी निफाडहून बहिणीला बघायला आला. त्यांच्या शिवारात गुऱ्हाळ लागलं होतं. त्याने पाच लिटरचा कॅन भरून काकवी आणली. उसाचा रस आटत आटत गूळ होण्याच्या जरा आधी तो पातळ पाक उतरवून घेतात, तीच ही काकवी. लहानपणी दोघं भावंडं ती भाकरीबरोबर खायची. रावजीने झाकण उघडून बोट बुडवलं आणि बहिणीच्या पुढे धरलं. "बघ तरी, आक्का."

काकूंनी भावाला वाईट वाटू नये म्हणून जिभेला लावलं. मग थांबल्या.

"हे लागतंय," त्या म्हणाल्या.

"काय लागतंय?" काका आतून बाहेर आले.

"गोड. लांबून आल्यागत लागतंय. पण लागतंय."

एवढं झाल्यावर काकांच्या हातात सूत्र आलं. पुढचं त्यांनी मला एकदा ओट्याशी उभं राहून समजावून सांगितलं, तसंच लिहिते. तंगड्यांना खोल चिरा द्यायच्या. मीठ, लिंबू आणि किसलेलं आलं चोळून तासभर फ्रिजमध्ये ठेवायचं. लसूण नाही, कारण लसणाने काकूंना मळमळतं. मग लाल रेघेवर पस्तीस मिनिटं नुसतंच भाजायचं, वर काहीही न लावता. "आधी गाभ्यापर्यंत धग पोचू दे. त्याला आम्ही सोकिंग म्हणतो." तेवढ्यात छोट्या कढईत काकवी, चिंचेचा कोळ, चिमूटभर सुंठ, मिरपूड आणि मीठ एकत्र करून चमच्याला चिकटेल इतकं आटवायचं. पस्तीस मिनिटं झाली की तंगड्यांवर ब्रशने एक हात फिरवायचा. पाच मिनिटं. दुसरा हात. पाच मिनिटं. तिसरा हात आणि बटण थोडं पुढे, पण तिथून नजर हलवायची नाही. साखर जळायला एक मिनिट पुरतं. शेवटी सुरी हाडापर्यंत घालून बघायची. येणारं पाणी स्वच्छ पाहिजे. जरा जरी लालसर असलं तरी परत आत. "हिची ताकद कमी झालीय, कच्चं चालणार नाय," ते म्हणाले.

ब्रश नवा होता, घर रंगवायचा. त्यांनी तो तीनदा उकळून घेतला होता.

हे पहिल्यांदा भाजलं त्या दिवशी मी मुद्दाम गेले नाही. पण मागचं दार उघडं होतं आणि कंपाउंडची भिंत छातीएवढीच आहे. काकू आतल्या दारात खुर्चीवर बसल्या होत्या, डोक्याला लोकरीची टोपी. ट्रे बाहेर निघाला तेव्हा तंगड्या गडद तपकिरी होत्या, वरून चकचकीत. काकांनी एक तंगडी काचेच्या बशीत ठेवली, गार होऊ दिली, आणि दिली.

काकूंनी हातानेच घास तोडला. चावला. गिळला. दुसरा घेतला.

"कसं हाय?"

"काय हाय ते कळत नाय," काकू म्हणाल्या. "पण थुंकावंसं वाटत नाय."

काकांना तेवढं बस होतं. त्या दिवशी काकूंनी दीड तंगडी खाल्ली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्यांनी काही ताटात शिल्लक ठेवलं ते पोट भरलं म्हणून.

मग ते रोजचंच होऊन गेलं. केमोनंतरचे पहिले पाच दिवस काही जायचं नाही. सहाव्या दिवसापासून काका ओट्यावर उभे. एक दिवसाआड चिकन, मधल्या दिवशी त्याच काकवीत बुडवून भाजलेलं पनीर किंवा रताळी. कसायाकडून ते फक्त तंगड्या आणायचे, सगळ्या एका वजनाच्या. कसाई वैतागायचा. काका म्हणायचे, "लहान-मोठ्या आणल्या तर एक जळंल अन् एक कच्ची राहील." वजनकाट्यावर काकू चौपन्न झाल्या, मग साडेचौपन्न. तिसरी आणि चौथी केमो वेळेवर झाली.

आणि मग एका दुपारी भिंतीपलीकडून काकूंचा आवाज चढलेला ऐकू आला. इतक्या दिवसांत त्या मोठ्याने बोललेल्या ऐकल्या नव्हत्या. मी हातातलं काम ठेवलं. ऐकू नये असं वाटूनही सगळं ऐकलं.

काकांनी एक वही ठेवली होती. कारखान्यात ठेवायचे तशीच, रकाने आखलेली. तारीख, केमोचा कितवा दिवस, डायल कुठे होता, किती मिनिटं, किती खाल्लं, उलटी झाली का, वजन किती. एका रकान्यात रोज "ओके" किंवा "रिजेक्ट" असा शेरा. ती वही काकूंच्या हातात पडली होती.

"मी काय तुमचा जॉब हाय का? टाकला भट्टीत, काढला, मोजला! इथं काय लिवलंय? रिजेक्ट? माझ्या नावापुढं रिजेक्ट?"

"तुझ्या नाय गं. त्या दिवशीच्या चिकनला लिवलंय ते."

"चिकनला! रोज सकाळी मला काट्यावर उभं करता. जेवताना घास मोजता. कसं वाटतं म्हणून एकदा तरी इचारलं का? दोन महिने झाले, कसं हाय, कसं हाय म्हणता ते चिकनला म्हणता!"



दोन दिवस ओव्हन झाकलेला होता. काका अंगणात झाडांना पाणी घालत, पेपर वाचत, पुन्हा झाडांना पाणी घालत. काकूंनी दुधात पोहे भिजवून खाल्ले, निम्मे टाकले. तिसऱ्या दिवशी मी वाळत घातलेले कपडे काढत होते, तेव्हा काकू भिंतीला धरून हळूहळू मागच्या दारात आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"आज काय करताय का नाय?" त्यांनी विचारलं.

काका उठून उभे राहिले. "तू म्हणशील तसं."

"मग आणा जाऊन. अन् मी इथंच बसणार. वास लय झाला तर आत जाईन."

त्या दिवसापासून काकू तिथेच बसायला लागल्या. अंगात शाल, डोक्याला टोपी, आणि सूचना चालू. "आता उलटं करा." "चिंच कमी दिसतीय, पाक पांढुरका पडलाय." "आलं किसून घेऊ नका, ठेचून घ्या, धागे येतात दातात." चव कळत नव्हती, पण रंगावरून आणि आवाजावरून त्यांना सगळं कळायचं. काका निमूट ऐकायचे. वही पुन्हा दिसली नाही. मात्र रोज चिकन आत टाकल्यावर त्या पस्तीस मिनिटांत काका दुसरं स्टूल घेऊन काकूंच्या शेजारी बसायचे. बोलणं काय असायचं? हर्षालीच्या लग्नात कोण रुसलं होतं, गावचा कुठला चुलता कुठे गेला, पायांना मुंग्या येतात त्या आज कमी आहेत की जास्त. चौतीस वर्षांच्या संसारात इतकं बोलणं झालं नव्हतं, असं काकूच मला म्हणाल्या. "शिफ्टमध्येच गेलं ना सगळं," त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता, नुसतं सांगितलं.

पाचव्या केमोनंतर वाईट झालं. आठव्या दिवशी काकूंना ताप भरला, पांढऱ्या पेशी खाली गेल्या, आणि सहा दिवस दवाखान्यात काढावे लागले. बाहेरचं खाणं आत नेता येत नव्हतं. काका दिवसभर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून असायचे. मी एकदा गेले तेव्हा विचारलं, "काका, घरी जाऊन जरा पडता का? मी थांबते." ते म्हणाले, "घरी जाऊन काय करू? तिथंबी बसूनच राहणार." काकू परत आल्या तेव्हा पुन्हा त्रेपन्नवर होत्या. काकांनी वजनाचा काटा पलंगाखाली सरकवला आणि ओव्हनवरचं फडकं काढलं.

सहावी केमो दहा दिवस उशिराने झाली, पण झाली. मग पाच आठवडे रेडिएशन. मग नुसत्या गोळ्या. जूनमध्ये काकूंच्या डोक्यावर केस दिसायला लागले, आधी लव, मग कुरळे. आयुष्यभर त्यांचे केस सरळ होते. आरशात बघून त्या म्हणाल्या, "हे कुणाचं डोकं बसवलंय मला?"

जुलैतला एक रविवार. त्या दिवशी मीही तिथेच होते, काकूंनी बोलावलं होतं. काकांनी नेहमीसारखं केलं. आता हात इतका बसला होता की घड्याळही बघत नसत. ट्रे निघाला, बशा मांडल्या, काकूंनी पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबल्या.

"अहो, यात काकवी किती घातली?"

"रोजच्याएवढीच."

"नाय, काय तरी जास्त झालंय. हे गोड हाय."

"गोडच असतं ते."

"शिऱ्यागत गोड हाय! कोंबडी असली गोड कोण खातं?" त्यांनी बशी बाजूला सारली.

काकांचा चेहरा पडला. "सहा महिने खाल्लंस की. तेव्हा नाय बोललीस."

"मला कुठं कळत होतं तेव्हा?"

असं म्हणून काकूंनी बाजूला सारलेल्या बशीकडे पुन्हा बघितलं.  मी हातातला घास तसाच धरून बसले होते. मग काका एकदम उठले, आत गेले आणि तीन डब्या घेऊन आले. पहिल्या डबीतलं चिमूटभर काकूंच्या तळहातावर ठेवलं.

"हे काय?"

"मीठ. अहो, दिसतंय की."

"डोळे मिट. आता हे?"

"आमचूर."

तिसरी चिमूट जिभेवर ठेवली आणि काकूंना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. खोकता खोकता त्या म्हणाल्या, "माझा मसाला हाय. जुना झालाय, वास उडून गेलाय पार. डबा उघडा ठेवला होता काय?"

 काकांनी सगळ्यांच्या बशा गोळा केल्या, माझी अर्धी भरलेली बशीसुद्धा, आणि धुवायला नळाखाली घेऊन बसले. नळ बराच वेळ चालू होता. काकूंनी मला खुणेने सांगितलं, जाऊ नको त्यांच्याकडे, राहू दे.

दरवर्षी मसाला उन्हाळ्यात होतो. त्या वर्षी तो ऑगस्टमध्ये झाला. ऑपरेशनमुळे डाव्या हाताने काकूंना जड उचलायला मनाई आहे, ती कायमचीच. तेव्हा कढई काकांनी धरली. काकू समोर पाटावर बसून एकेक जिन्नस पुढे करत होत्या. कांदा, खोबरं, धणे, दगडफूल, मिरच्या. काकांनी विचारलं, "खोबरं किती वेळ भाजायचं?"

"डोळ्यानं बघा. तांबूस झालं की काढा."

"पण तांबूस म्हणजे कितपत?"

"भट्टीनं भाजलेल्या तुमच्या कपाळाएवढं," काकू म्हणाल्या.

आता काकूंची तपासणी सहा महिन्यांनी असते. मागच्या दोन्ही चांगल्या आल्या. त्यापुढचं डॉक्टर काही बोलत नाहीत आणि हे दोघंही विचारत नाहीत. रविवारचा रस्सा पुन्हा सुरू झालाय, पण तो एकाआड एक. मधला रविवार काकांचा. ओव्हन ओट्यावरून आत, स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर आलाय. तो माझा आहे हे आता आम्हा तिघांच्याही लक्षात नसतं. काकांनी त्यात मासे भाजून बघितले, वांगी भाजली, एकदा नानकटाई केली ती खाजाभाईंच्या घरच्यांनी पास केली.

मे महिन्याच्या सुट्टीत हर्षाली मुलीला घेऊन आली होती. नातीने व्हिडिओ कॉलवर आजोबांचं चिकन बघितलेलं, तिला तेच हवं होतं. काका सकाळपासून तयारीत. तंगड्या आल्या, चिरा दिल्या, काकवी आटायला ठेवली. ते जरा बाहेर गेले तेवढ्यात काकूंनी डबा उघडून त्या पाकात काळा मसाला घातला. चांगला चमचाभर. काका परत आले, कढईत बघितलं, वास घेतला.

"सरिता, हे काय केलंस?"

"कोंबडीला कोंबडीसारखं लागू द्या जरा."

"पोरीला तिखट लागंल."

"लागू द्या. नाशिकची नात हाय."

चिकन निघालं ते जवळजवळ काळं, पण चकचकीत. नातीने पहिल्या घासाला हा-हू केलं, पाणी प्यायली आणि दुसरी तंगडी उचलली. हर्षालीने तीन खाल्ल्या. काकूंनी एक पूर्ण खाल्ली, हाडापर्यंत साफ. काका प्रत्येकाच्या ताटाकडे आळीपाळीने बघत होते.

"पुढच्या टायमाला अर्धाच चमचा," शेवटी ते म्हणाले.

"एक," काकू म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या.